हवेची सुई

राठोड सिस्टरना चालत येताना मी फार कमी वेळा पाहिलं. त्या नेहमी कशावर तरी बसून यायच्या. त्यांची स्कूटी होती, पण ती रुसली की सिस्टर दुधाच्या गाडीत कॅनच्या मधोमध, नाहीतर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. एकदा तर वरातीच्या जीपमधून आल्या, नवरदेवाच्या शेजारी बसून. दवाखान्यापाशी उतरल्या आणि खिडकीतून डोकं आत घालून त्याला म्हणाल्या, "एकवीस पूर्ण झाले ना बे? नाहीतर मी अशीच वापस बसते अन् सगळी वरात ठाण्यात नेते." नवरदेवाने घाईघाईने खिशातून आधार कार्ड काढून दाखवलं.

मी तेव्हा महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या आतल्या अंगाला एका सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझीच फजिती यायची आहे. मी यवतमाळ शहरातला. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. आजोबा कारकून, वडील कारकून, काका तर कारकुनांचे कारकून. त्यामुळे उघडं कपाट, टोपण नसलेलं पेन, झाकण नसलेली बाटली दिसली की मला चैन पडत नाही. माझ्या औषधांच्या फळीवर प्रत्येक डब्याला चिठ्ठी होती आणि चिठ्ठ्यांच्या डब्यालाही चिठ्ठी होती. सिस्टर यावर मनापासून हसायच्या.

त्या स्वतः तांड्यावरच्या. आईबापाशी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलत वाढल्या, आमच्याशी वऱ्हाडी बोलायच्या, आणि शुद्ध पुस्तकी मराठी फक्त एकाच वेळी वापरायच्या, ते म्हणजे चिडल्यावर. "आपण जरा इकडे येता का?" असं त्या कुणाला म्हणाल्या की आम्ही बाकीचे लोक आपापल्या कामाला लागायचो.

पंचावन्नच्या पुढे वय, ठेंगणा बांधा, पांढरा कोट, कोटाच्या एका खिशात थर्मामीटर आणि दुसऱ्यात भाजलेल्या शेंगा. बाळाची शीर सापडत नसो, कपाटाची किल्ली हरवलेली असो, यष्टी चुकलेली असो, त्यांचं एकच ठरलेलं वाक्य: "पाहू ना, जाते कुठं!" आणि खरोखर, ती गोष्ट फारशी कुठे जात नसे.

नाल्यापलीकडे टेकडीच्या अंगाला एक तांडा आहे, वरचा तांडा. तिथे आधी कुणी लस घेत नसे. सिस्टर पहिल्यांदा गेल्या तेव्हा एक म्हातारी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, मागच्या खेपेला माझ्या नातवाला सुई टोचून कुणीतरी निघून गेलं आणि रात्रभर पोरगं तापानं फणफणलं. दुसरं कुणी असतं तर तिला समजावत बसलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "येते ना ताप. येणारच. मी कुठं नाही म्हणते? आज ताप येतपर्यंत मी इथंच बसते." आणि टोचून खरंच बसल्या. म्हातारीची ज्वारी निवडून दिली, तिच्या सुनेची वेणी घातली, भाकर खाल्ली. संध्याकाळी ताप आला. "आला पाहा, बोलल्याप्रमाणे," असं पाहुणा आल्यासारखं म्हणाल्या, औषधाचे थेंब पाजले, कपाळावर ओला फडका ठेवला आणि ताप उतरल्यावरच निघाल्या. त्या दिवसापासून वरच्या तांड्यात त्यांना कुणी सिस्टर म्हटलं नाही. याडी म्हणायचे. याडी म्हणजे आई.

महिन्यातून दोन मंगळवार वरच्या तांड्यावर लस, असा नेम पडला. मग तो पावसाळा आला. नाल्यात पाणी असं की दवाखान्याची जीप काठावरच थबकायची, आणि सिस्टरची स्कूटी एकदा मध्यावर बंद पडली ती बैलजोडीने ओढून काढावी लागली. लागोपाठ दोन मंगळवार हुकले. आमचे डॉक्टर नवे होते, माणूस वाईट नव्हता, पण वरून विचारणा झाली की घाबरायचा. त्यांनी बैठकीत सांगितलं की आता वरच्या तांड्याचा दिवस बंद करू आणि तिथल्या बायकांना खालच्या गावात बोलावू.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब, आपण मला एक मंगळवार द्यावा."

शुद्ध मराठी! मी पेनाचं टोपण लावलं.

"कडेवर लेकरू घेऊन तो नाला ओलांडून एकही बाई खाली येणार नाही. आपण यावं असं म्हणाल, त्या हो म्हणतील, आणि येणार नाहीत. ती लेकरं लशीवाचून राहतील."

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. येत्या मंगळवारी तुम्ही पोचलात तर दिवस चालू राहील. नाही पोचलात तर मी त्याच दुपारी कागदावर सही करतो."

तो गुरुवार होता. शनिवारी सिस्टर गाडी घेऊन आल्या. म्हणजे गाडीच्या मागे आल्या, कारण गाडी टेम्पोतून उतरली. उंच, लांब टांगांची, चाकांना ढेकळाएवढ्या गाठी असलेली, डोंगर चढायची मोटारसायकल. पुसदच्या एका ठेकेदाराच्या पोराने हौसेनं घेतलेली. त्याने एकदा उडी मारली, हात मोडला, आणि घरात बसल्याबसल्या मोबाईलवर बघून गाडीचं कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, साफ करायला काढलं. काढलं ते काढलं. परत लावता आलं नाही. बापाने वैतागून गाडी विकायला काढली आणि सिस्टरनी उचलली. गाडीसोबत एक प्लॅस्टिकची पिशवी मिळाली. तिच्यात काळ्या रबरी नळ्या, जाड, बारीक, वाकड्या, सरळ, आणि त्या आवळायच्या चार-पाच पट्ट्या.

"सिस्टर, हे काय आणलं?"

"नाल्यातून जाणारं आणलं."

"पण ही चालत कुठे आहे?"

"पाहू ना, जाते कुठं!"

गावात शकीलमिस्त्री होते. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पिशवीत डोकावले आणि टोपी मागे सरकवली. "सिस्टर, ये तो ऊंट है. आपल्या गाड्याचे पाइप मी डोळे मिटून लावतो. पण याच्या पाइपाचं गावच मले माहीत नाही. नांदेडहून एक जण येते, शुक्रवारी. त्याले दाखवू."

"शुक्रवारी कायले? शुक्रवारी मी इले चारा टाकू का?"

सोमवारी दुपारी बाहेरचे रुग्ण संपले तशी सिस्टरनी व्हरांड्यात जुनी चादर अंथरली. नळ्या साबणाच्या पाण्यात धुतल्या, पुसल्या आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडल्या. मी मदतीला म्हणून चिठ्ठ्या आणि पेन घेऊन बसलो. एक, दोन, तीन असे आकडे घालायला लागलो तर म्हणाल्या, "भाऊ, चिठ्ठी लावल्यानं पाइप घरी जाते का? त्याले विचारा ना, तू कुठचा म्हणून."

आणि त्या खरंच विचारायच्या. नळीचं तोंड उजेडात धरायच्या. "हे पाहा, इथपर्यंत रबर चकचकीत हाय अन् इथून पुढे धूळ बसली. म्हणजे एवढा भाग कशात तरी घुसलेला होता. पट्टीचा वळ पण दिसते." मग नळी हातात सैल सोडायच्या. इतकी वर्षं एकाच जागी वाकून राहिलेली नळी सोडल्यावरही तशीच वाकते. ते वाकण गाडीच्या अंगाशी धरून फिरवायचं, जिथे बसेल तिथे तिचं घर. शेवटी एक टोक तोंडात धरून फुंकायचं आणि दुसरं टोक गालाला लावायचं. वारा लागला तर नळी मोकळी. एका नळीतून वारा येईना, तर तिच्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं निघालं. सिस्टरनी ते काडीने काढलं आणि माशीची माफी मागितली.

टाकीकडून येणारी जाड नळी पेट्रोलची, ती लगेच बसली. इंजिनाच्या डोक्याकडून हवेच्या डब्याकडे जाणारी वाकडी नळी तिच्या वाकणावरून सापडली. डबा आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला मोठा रबरी नळा मात्र बसता बसेना, कडक झाला होता. सिस्टरनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि तो त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवला. मऊ झाला तसा "ये बाबू, ये" म्हणत अंगठ्यांनी चढवला आणि पट्टी आवळली. त्या पातेल्यातला चहा पुढचे चार दिवस कुणी प्यायलं नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाची नळी खाली सोडायची, हेही त्यांनी ओळखलं. "ही मोरी हाय. भरून वाहिलं की इथून जाईन."

राहिल्या दोन बारीक नळ्या. कार्ब्युरेटरच्या दोन बाजूंना दोन बारीक तोट्या होत्या, तिथे त्या नेमक्या बसल्या. पण त्यांची दुसरी टोकं? गाडीभर शोधलं, त्यांना जायला जागाच नव्हती. दोन्ही टोकं नुसती लोंबत होती. सिस्टर त्यांच्याकडे बघत एक शेंग फोडतच होत्या, तेवढ्यात फाटकात ऑटो आला. आत बाळंतपणाची बाई. सिस्टर हात धुवायला पळाल्या.

मी एकटा उरलो, आणि समोर दोन उघडी तोंडं.

आता सांगतो. गोवराच्या लशीच्या रिकाम्या बाटल्यांची रबरी बुचं मी धुऊन एका डब्यात ठेवायचो. कायले, ते विचारू नका. चिठ्ठी होती त्या डब्याला. त्यातली दोन बुचं आणली, नळ्यांच्या तोंडात दाबली, आणि काय सांगू, मापाला माप! अशी बसली की जणू त्यासाठीच केली होती. वरून चिकटपट्टीचा एकेक वेढा दिला. गाडी कशी पूर्ण दिसायला लागली. मी लांब जाऊन पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

तासाभराने सिस्टर आल्या, कपाळावर घाम, चेहऱ्यावर आनंद. "पोट्टी झाली. बोंबलून राह्यली, ऐका." मग गाडीकडे बघून, "थ्या दोन नळ्या?"

"लावल्या बरोबर," मी म्हणालो.

आता हे खोटं नव्हतं, पण खरं म्हणायलाही माझी जीभ जरा अडखळली. सिस्टर बाळाच्या नादात होत्या, त्यांनी विचारलं नाही. किक मारली. तिसऱ्या किकला गाडी असा हंबरडा फोडून उठली की बाहेरच्या कोंबड्या उधळल्या. सिस्टरनी आवारात एक फेरी मारली, शकीलमिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मी तर जरा जास्तच वाजवल्या.

मंगळवारी सकाळी आठला त्या निघाल्या. लशीचा डबा बर्फाच्या पुड्या घालून पाठीमागे बांधला. डॉक्टर व्हरांड्यात चहा घेत उभे होते. त्यांच्या टेबलावर तो कागद टाइप होऊन पडला होता, मी पाहिला होता. गाडी गेली. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की पोलिओचे ड्रॉपर टेबलावरच राहिले. मी माझी लूना काढून मागे निघालो.

शाळा ओलांडली आणि नाल्याच्या अलीकडे, एका ओढ्याच्या पुलावर सिस्टर दिसल्या. गाडी उभी, सिस्टर कठड्यावर बसलेल्या, आणि गाडीशी बोलत होत्या.

"आपण मला रस्त्यात सोडणार आहात, हे आपण काल सांगायला हवं होतं. काल आपण व्यवस्थित चालत होता."

मी लूना स्टँडला लावली.

"काय झालं सिस्टर?"

"सुरू होते, थोडी चालते, मरते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते, पुन्हा मरते. चार वेळा झालं. पेट्रोल हाय. बर्फ किती वेळ राहीन भाऊ? तिकडे लेकरं, इकडे तो कागद." त्यांचा आवाज जरा हलला. इतक्या वर्षांत मी तो असा ऐकला नव्हता. मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. मी ड्रॉपर तेवढे पुढे केले.

त्यांनी शेंग काढली, फोडली, आणि दाणे तोंडात न टाकताच थांबल्या.

"भाऊ, हे असं मी कुठंतरी पाह्यलं हाय. धार सुरू होते, कमी होते, अन् बंद. थांबलं की दोन थेंब... सलाइन!"

"काय?"

"पहिली नोकरी माही. तवा सलाइन काचेच्या बाटलीत ये. मी बाटली लटकवली, थेंब पडे, पडे, अन् बंद. पेशंटची सासू म्हणे, या पोरीले काही येत नाही. मी रडकुंडीले. मंग जुन्या सिस्टर आल्या अन् बुचात दुसरी सुई खुपसली. नुसती हवेची सुई! आत हवा गेल्याबिगर पाणी बाहेर कसं येईन? लागली ना धार!"

बोलता बोलता त्या गाडीच्या बाजूला उकिडव्या बसल्या होत्या. बोटं एका बारीक नळीवरून टोकापर्यंत गेली आणि थांबली. चिकटपट्टी सोलली. बूच ओढलं. फुस्स करून आवाज आला.

बूच तळहातावर ठेवून त्यांनी नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तर आपल्या गोवराच्या बाटलीचं."

मी खाली बघितलं.

"काहून भाऊ? गाडीले गोवर झालता का?"

"उघडं दिसलं सिस्टर... मला वाटलं धूळ जाईल..."

वाटलं आता शुद्ध मराठी येणार. सगळा तालुका ऐकेल अशी येणार. पण त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग कठड्याला धरून, मग डोळे पुसत. "अवं माय वं! कचेरीतला माणूस! उघडं दिसलं की बंद कर. अहो, त्या नळ्यांले दुसरं घर नव्हतंच, त्या हवा घ्यायलेच उघड्या व्हत्या! हिच्या नाकात बूच घालून तुम्ही हिले पळायले लावलं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण त्यांचं हसणं ऐकून मीही हसलो. दुसरं बूच मी स्वतः काढलं. सिस्टरनी त्या दोन नळ्यांची उघडी टोकं वर टाकीखाली खोचली, नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून. किक मारली. गाडी पेटली ती पेटलीच.

"बसा मागे."

"मी?"

"बूच तुम्ही लावलं ना? मंग डबा तुम्ही धरा. हात भरून येईन, पण वर येईतो ठेवायचा नाही."

नाल्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. पाणी पायाला लागलं, चाक घसरलं, सिस्टर पुढून म्हणाल्या, "भाऊ, देवाचं नाव घ्या, पण माह्या कानात नका घेऊ." मग चढ, दगड, आणि एकदम कुत्र्यांचं भुंकणं.

तांड्यात कुणीच वाट बघत बसलेलं नव्हतं. लस बंद झाली असं त्यांच्या कानावर आलं होतं आणि बायका निंदणाला गेल्या होत्या. फक्त ती म्हातारी ओट्यावर होती. "आव याडी, बेस," ती म्हणाली, जणू काही घडलंच नव्हतं. सिस्टर बसल्या नाहीत. त्यांनी गाडीचा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. दूरच्या कपाशीतून एक डोकं वर झालं, मग दुसरं, आणि बायका हातात खुरपं घेऊन शेताच्या धुऱ्यावरून पळत यायला लागल्या. कुणाचं लेकरू झोळीत, कुणाचं कडेवर. अकरा लेकरांना टोचून झालं. अकरा जणांनी असा काही सूर लावला की मला ते गाणंच वाटलं.

दुपारी डॉक्टरांनी यादी बघितली, गुपचूप तो कागद उचलला आणि फायलीत लावायला मला दिला. मी तो फाडला. सरकारी कागद मी त्याआधी कधी फाडला नव्हता आणि नंतरही नाही.

पुढची तीन वर्षं सिस्टरचा एकही मंगळवार हुकला नाही. त्यांचे यजमान किसनभाऊ शेती करायचे, ते म्हणायचे, "माही बायको मंगळवारी माही नसते." शकीलमिस्त्री त्या गाडीचे पाइप आता डोळे मिटून लावायला शिकले होते. मग माझी बदली नेरला झाली, आणि त्याच वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मी गेलो होतो. शाल, नारळ, भाषणं. सिस्टर भाषणं ऐकतच नव्हत्या. शेजारच्या माणसाला विचारत होत्या, नवी सिस्टर कधी येणार, तिला गाडी येते का. कळलं की येणारी मुलगी कळंबची आहे आणि फक्त स्कूटी चालवते. मी नेरला परतलो तो मनात धरूनच, की आता वरच्या तांड्याचा दिवस गेला. खोटं कशाला सांगू, बसमध्ये मला रडू आलं.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या सेवापुस्तकातली एक नोंद राहिली होती म्हणून त्या दवाखान्यात जावं लागलं. मंगळवार होता. काम झाल्यावर पाय आपोआप नाल्याकडे वळले. काठावर उभा राहिलो आणि मागून तो आवाज आला.

साध्या साडीचा पदर खोचलेल्या राठोड सिस्टर, आणि मागे कोट घातलेली एक चोवीस-पंचवीसची मुलगी, लशीचा डबा पोटाशी घट्ट धरून बसलेली. सिस्टरनी गाडी माझ्यापाशी थांबवली.

"भाऊ! इकडे कुठं?"

"ते सोडा. सिस्टर, तुम्ही रिटायर झालात ना?"

"मी झाली ना," त्या म्हणाल्या. "मंगळवार थोडीच झाला! ही शिकून राह्यली, आवारात बरोबर चालवते. नाला तेवढा राह्यला." मागच्या मुलीने जोरात मान हलवली.

आणि त्यांनी गाडी पाण्यात घातली.